थोडं डावीकडे

इलोइलोच्या धक्क्यावर गिमारासची बोट लागते,
तिथे सुक्या मासळीच्या दुकानाला लागून माझी खुर्ची.
मान आणि खांदे, साठ पेसो.
पाठीचे शंभर.

भाचीनं पाटी रंगवली तेव्हा वाचून दाखवली होती:
आंधळी मालीशवाली.
'आंधळी' मोठ्या अक्षरांत.
मी म्हटलं, मालीश मोठं कर गं.
ती म्हणाली, तीया, गिऱ्हाईक त्यालाच थांबतं.

थांबतं, आणि मासळीवालीला विचारतं,
हिला नाणी कळतात का?
हिला.
मी हातभर अंतरावर, टॉवेलची घडी घालत.

बँकेतली मुलगी म्हणाली, सोबत डोळस माणूस आणा.
भावाला घेऊन गेले.
तो दुपारीच प्यालेला होता,
पण त्याला दिसत होतं, तेवढं त्यांना पुरलं.

रविवारी पत्र्याच्या छपराखाली
पास्टर आबुंदियो माझ्या पापण्यांवर तळवा ठेवायचे.
बारा वर्षं.
तळव्याला कापराच्या मलमाचा वास.
'उघड,' म्हणायचे. मी उघडायची.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकायचं.
'तुझा विश्वास कमी पडतो, पेर्पेतुआ.'
जसं काही मी पीठ आणलंय घरून
आणि त्यांच्या मापात ते भरत नाही.

आई होती तोवर तिलाही विचारायचे,
पोटुशी असताना नको ते काय पाहिलंस?
आई म्हणायची, तुमच्यासारखी माणसं.
(घरी आल्यावर म्हणायची. तिथे नाही.)

मला खरं तर त्यांनी विचारायला हवं होतं,
देव तुला कुठे भेटतो?
सांगितलं असतं: खांद्याच्या पात्याखाली.
तिथे एक गाठ असते, जवळजवळ प्रत्येकाला.
अंगठा टेकवला की हट्ट करते,
मी थांबते, ती थांबते,
मग कधीतरी आपणहून सुटते.
त्या क्षणी मी मनात म्हणते,
हं. आलास.

वादळाचा बावटा लागून बोटी बंद होत्या, तो बुधवार.
धक्का रिकामा. कापराचा वास आधी आला,
मग घसा खाकरणं.
'पेर्पेतुआ, हात वर जात नाही.'
कुठला, ते विचारावं लागलं नाही.

जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू:
विश्वास कमी पडतो, पास्टर.
बारा वर्षं तोंडात धरलेली चिंच.
गिळली.
म्हटलं, 'दुखेल.'
'दुखू दे.'

दगड झाला होता खांदा.
किती लोकांच्या डोक्यांवर टेकला असेल तो हात,
आणि प्रत्येक वेळी काहीच न घडण्याचं ओझं
एकट्यानं घरी नेलं असेल.
हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.
पाऊण तास गेला. वारा पत्रे वाजवत होता.
मग ते म्हणाले,
अगदी कुठल्याही थकल्या माणसाच्या आवाजात,
'थोडं डावीकडे.'

जाताना आशीर्वाद द्यायला लागले.
मी म्हटलं, साठ पेसो.
एक नाणं कमी होतं. सांगितलं. दिलं.

त्या रविवारी पापण्यांवर तळवा आला नाही.
कानाजवळ हळूच विचारलं,
'आज तुझ्यासाठी काय मागू?'
माझी यादी तयारच होती.
बँकेत माझा अंगठा माझाच धरावा.
पाटीवर नाव असावं.
आणि इथल्या तीन पायऱ्यांना कठडा,
तो देवाकडे नाही, तुमच्याकडे मागते.

ते हसले की काय, कळलं नाही.
मग मोठ्यानं म्हणाले, 'डोळे मिटू या.'
शंभर-सव्वाशे माणसांनी मिटले.
दर रविवारी हे असंच होतं:
देवाशी बोलायचं म्हटलं
की सगळे माझ्याकडे येतात.
मी सरकून जागा करते.

कठडा अजून लागलेला नाही.
बांबू आणून ठेवलेत म्हणे, मागच्या दाराशी.
काल हात लावून आले.
ओले आहेत. वाळू देत.