सत्त्याण्णव सामने

पगार माझ्या दुप्पट.
हे दोन्या ओफेलियानं नाही सांगितलं,
तिच्या बेकरीतल्या पोरानं सांगितलं, पाव बांधता बांधता.
मिल्टन एचेगोयेन. दुसऱ्या श्रेणीतले सामने सत्त्याण्णव.
माझे शून्य.
एकोणीस वर्षं पायसान्दूत, कातडी-कारखान्यामागच्या मैदानावर
मी शंकू मांडतोय, शंकू उचलतोय.
सकाळी शाळेची बस, संध्याकाळी ही पोरं.
प्रमाणपत्रं तीन आहेत माझ्याकडे, लॅमिनेट केलेली.
पालकांना सत्त्याण्णव हवे होते.

तो आला जुलैच्या थंडीत, नदीवर धुकं होतं,
पलीकडचा अर्जेंटिना दिसतही नव्हता.
गाडीतून आधी न वाकणारा पाय उतरला,
मग बऱ्याच वेळानं माणूस.
पोरांनी गराडा घातला.
मी चेंडूंत हवा भरत बसलो.
चौदा चेंडू, एकाचा वॉल्व्ह गळका.

त्यानं एक उंच चेंडू छातीवर घेतला
आणि चेंडू तिथेच थांबला, शहाण्या कुत्र्यासारखा.
हे मी मान्य करतो. न करून सांगतो कुणाला?
येरेमियासनं विचारलं, "हे कसं करायचं?"
मिल्टन गोंधळून स्वतःकडेच बघत राहिला,
जणू कुणी विचारलं होतं, घास गिळतोस कसा?
"असं," म्हणाला,
आणि पुन्हा केलं.

तीन आठवडे नुसतं "असं" चाललं.
पोरांच्या छातीवरून चेंडू उडत राहिले कुंपणापार,
तो ओरडत राहिला,
आणि मी, खोटं कशाला बोलू,
घरी जाऊन बायकोला त्याची नक्कल करून दाखवायचो.

मग एका संध्याकाळी काखेत थर्मास,
हातात येर्बाचा तुंबा, माझ्या बाकावर येऊन बसला.
"तू काय सांगतोस त्यांना?"
मी सांगितलं: कुणी झोपलेलं बाळ हातात देतं ना,
तेव्हा अंग आपोआप थोडं मागे जातं. तेवढंच.
तो हसेल वाटलं.
त्यानं ते बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं.
"कुठे शिकलास?"
"तुमच्यासारख्यांना बघून. कुंपणाबाहेरून.
तिकिटाला पैसे नसायचे."
त्यानं तुंबा भरून माझ्याकडे दिला.
कडू होतं. मी नळीत आवाज येईपर्यंत प्यायलो.

ऑगस्टअखेर यादी लागते, कुणाला ठेवायचं, कुणाला नाही.
एकोणीस वर्षं ती मी शुक्रवारी फळ्यावर टाचतो
आणि बस सुरू करून निघून जातो.
आरशात बघत नाही.

यंदा मिल्टननं कागद खिशात घातला.
येरेमियासला निलगिरीखाली नेलं,
पाय लांब पसरून जमिनीवर बसला, त्यालाही बसवलं.
मी शंकू गोळा करत होतो. गरजेपेक्षा हळू.
"मला चोविसाव्या वर्षी फोनवर सांगितलं," तो म्हणत होता,
"टायर बदलत होतो. मग तो टायर पुरा बदलला.
उद्या सकाळी भूक लागणार नाही तुला. तरी खा.
आईला तू सांग, दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस."
आणखी काही बोलला, ते ट्रकच्या आवाजात गेलं.
पुढे खूप मोठा होशील, असलं काही बोलला नाही.

पोरगा सायकलच्या चेनशी खूप वेळ खटपट करत राहिला.
चेन निघालेली नव्हती.

सत्त्याण्णव सामन्यांचं मला फारसं कळत नाही.
अठ्ठ्याण्णवावा त्याला कुणी खेळू दिला नाही,
तेवढं आज कळलं.

पगार अजून दुप्पटच आहे,
आणि त्याबद्दल मी ओफेलियाशी बोलणार आहे.
पण तो तिथे झाडाखाली अडकला होता,
त्या गुडघ्यानं एकट्याला उठता येत नाही.
मी शंकू खाली ठेवले,
हात दिला.
जड आहे माणूस.