सामाईक भिंत

बावीस नंबर आणि चोवीस नंबर.
कोळशाच्या कंपनीनं एकाच उन्हाळ्यात बांधलेली.
एकाचा जिना डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे,
बाकी सगळं तेच: पाटीच्या दगडाचं छप्पर,
मागच्या दारी कोळशाची कोठी, आता सायकलींची,
आणि उतारावर चिमूटभर अंगण
जिथून समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या मोजता येतात.

दोन्ही विकाऊ. दोन्हींची मागणी एकच,
एक लाख अठरा हजार पौंड.
एमलिन म्हणाला, "नशीब काढलंस, नेस्टा.
एकाला दुसऱ्याची भीती घालायची."
एमलिन माझा भाऊ. जुन्या गाड्या विकतो.

म्हणून बावीसमध्ये मी बोट टेकवलं
जिथे वॉलपेपर फुगला होता तिथेच,
आणि एजंट पोरगा टाय सारखा करत म्हणाला,
"थोडी ओल आहे, या दरीत सगळ्यांकडेच असते."
चोवीसमध्ये ओल नव्हती, पण बॉयलर
माझ्या लेकीच्या वयाचा, आणि तिच्यासारखाच
तिसऱ्या हाकेला ओ देणारा.

रात्रपाळीला टपाल लावताना
दोन्ही घरांचे खण शेजारी शेजारी.
बावीसला दवाखान्याची पत्रं येत,
चोवीसला फक्त बियाण्यांची जाहिरात.
मी काही उघडून पाहिलं नाही.
पण हातात धरलं जरा जास्त वेळ.

सोमवारी मिसेस प्रॉसरना कळवलं,
"चोवीसवाले एक लाख चौदावर आलेत."
मिस्टर बेव्हनना कळवलं,
"बावीसवाल्या एक लाख तेरावर."
यातलं काही अजून झालेलं नव्हतं.
होईल असं धरून चालले होते.

तीन दिवस फोन नाही.

गुरुवारी पडद्यांचं माप घ्यायच्या निमित्तानं गेले.
मिसेस प्रॉसरनी चहा ओतला,
मग ओतता ओतता चमचा उचलला
आणि शेकोटीशेजारच्या भिंतीवर तीनदा वाजवला.
पलीकडून तीनदा उत्तर आलं.
"उठलेत," त्या म्हणाल्या. "ओल्वेन गेल्यापासून
सकाळी तीन, रात्री तीन.
आलं नाही तर किल्ली आहे एकमेकांकडे."

भिंतीला कान असतात, ठाऊक होतं मला.
टेप माझ्या हातात तशीच लोंबत राहिली.

"मी तेरावर आले म्हणे," त्या म्हणाल्या.
रागावल्या नव्हत्या. "साखर?"

मग स्वतःच बोलत राहिल्या:
गुडघे जिना चढत नाहीत, स्वान्झीला मुलीकडे
खालच्या मजल्यावर खोली तयार आहे.
आणि त्या निघाल्या म्हणून बेव्हनही निघाले,
नाहीतर त्यांना कुठे जायचंय?
"आमचं ठरलंय. ओलीचे मी तीन हजार सोडते.
ते काही सोडणार नाहीत, बॉयलर चालतो,
नुसता उशिरा चालतो.
आता तू ठरव. आणि हे बघ,
ताकाला आलीस तर भांडं समोर धरावं."

एक लाख पंधरा. मी हो म्हटलं
आणि कप विसळून ठेवला, जणू आधीच माझा होता.
एमलिन अजून म्हणतो, दोन हजार सहज सुटले असते.
सुटलेही असते.

काल रात्री पहिल्यांदा इथे झोपले.
खोक्यांवर पेनानं लिहिलेलं 'स्वयंपाकघर',
त्यातलं कुठलं चमच्यांचं, माहीत नाही.
चोवीसच्या दारावर विक्रीची पाटी तशीच आहे,
तिचा एक खिळा सुटलाय, वाऱ्यानं आपटते.
आधी वाटलं, तीच.

तीनदा.
मग थांबून पुन्हा तीनदा,
जरा हळू, जसं चूक लक्षात आल्यावर
माणूस वाक्य तरीही पूर्ण करतं.

मी बुटाची टाच घेऊन उठले,
फुगलेला वॉलपेपर चुकवून जागा शोधली
आणि वाजवलं.
घाईत चार झाले.