खुळखुळ

गंगाखेडहून निघालं की पुलापर्यंत गुमान.
गोदावरी ओलांडली, काटा चाळिसावर गेला
की सुरू:
खुळ्ळ. खुळ्ळ. जरा थांबून, खुळ्ळ.

शहाण्णवची कमांडर, माझ्याआधी तिघांची.
मागचे चौदाजण चौदा निदानं सांगायचे.
पाटा ढिला झालाय. सायलेन्सर गेला.
कावळे गुरुजी तर म्हणाले,
मुंजा, तुझेच गुडघे वाजत असतील.

दैठण्याच्या फाट्यावर गौस मिस्त्रीनं
बोनेट उघडलंच नाही.
वाळूत उकिडवं बसून
टरबूज पारखावं तसं
दाराला टिचकी मारत, कान लावत राहिला.
"आवाज को ढूंडना नै भाई. आने देना."

चार स्क्रू. त्यातला एक गंजून गोळा झालेला.
पत्रा सुटला आणि भरभर मातीत सांडले
चिंचोके. सतरा. वर एक कवडी.
काच उतरते त्या फटीतून
कुणीतरी एकेक करून आत सोडलेले.
कुणाच्या मालकीत, कोणत्या उन्हाळ्यात,
तिघांपैकी कुणाची पोर खिडकीशी बसून
हरलेला डाव लपवत होती,
आता कोण सांगणार.

गौसनं ते पैशासारखे मोजून
माझ्या ओंजळीत घातले
आणि शेजारी चढून बसला.

परतीला पूल जवळ आला. चाळीस. पंचेचाळीस.
दोघंही श्वास धरून.
आणि त्या शांततेत, पुढच्या डाव्या चाकाकडून,
इतके दिवस खुळखुळीच्या आडोशाला बसलेला
एक सूर. बारीक, सलग,
दात खाल्ल्यासारखा.

मी गौसकडे पाहिलं.
तो बिडी विझवत म्हणाला,
"हां. अब ये असली है."