कमळबियांची नोंद

ह्वाय नदीच्या काठी, सरकारी कोठारात
मी गेंग शू, धान्य मोजणारा कारकून.
त्या शरदात आमच्या गावी
एक सम्राट येऊन राहिला,
एकेचाळीस दिवस.

म्हणे गादी खरी त्याचीच.
राजधानीत बसलाय तो पुतण्या, अजून दुधाच्या दातांचा;
हा थोरल्या पातीचा.
असेलही.
मला वंशवेली कळत नाहीत, मापं कळतात.

सम्राटाच्या मुकुटाला बारा माळा लागतात.
राजपुत्राच्या मुकुटाला नऊ,
आणि हा तोच डोक्यावर घालून पळून आलेला.
मध्यरात्री एक सरदार कंदील घेऊन दारात:
‘गेंग, तीन माळा होतील एवढं काहीतरी दे.
पांढरं. गोल.’
दीड शेर कमळबिया दिल्या.
बायकोनं ओवल्या, आठव्या महिन्याचं पोट सावरत;
भोकं पाडताना चार फुटल्या,
त्या तिनं खाल्ल्या.

सकाळी तो पायऱ्यांवर उभा राहिला.
वाऱ्यावर जेडच्या नऊ माळा किणकिणल्या,
तीन गप्प.
ऐकलं सगळ्यांनीच,
कपाळं जमिनीला टेकवून.

त्या दिवसापासून युग बदललं:
‘अक्षय उजेड, वर्ष पहिलं.’
मी लाकडी पट्ट्यांवर तसं लिहू लागलो.
राळे, चौदा पोती, अक्षय उजेड.
कीड लागलेला तांदूळ, अक्षय उजेड.
मुलगा झाला.
अक्षय उजेड, वर्ष पहिलं, महिना दुसरा.

मग नदीवर पुतण्याच्या नावा दिसल्या.
सरदार पांगले. कोणाचा निरोप न घेता.
शेवटच्या रात्री तो कोठारात आला, एकटाच,
पोत्यांवर बसला,
मुकुट मांडीवर घेऊन दातांनी दोरा तोडला
आणि कच्च्या कमळबिया खाऊ लागला.
आतला हिरवा कोंबही काढला नाही.
‘कडू आहेत,’ म्हणाला,
आणि मूठभर माझ्यापुढे केल्या.
मी घेतल्या.
सम्राट देतोय म्हणून की माणूस देतोय म्हणून,
तेव्हा ठरवलं नाही. अजूनही नाही.

नवा तपासनीस आला, कोरडा, नीटनेटका.
‘दीड शेर कमळबिया कमी?’
‘उंदीर, मालक.’
‘एवढे?’
‘यंदा फार झाले होते.’

तारखा तासून काढायचा हुकूम निघाला.
तीन दिवस सुरी चालवली; अंगणभर भुसा.
मुलाच्या जन्माची पट्टी
हात थांबेना म्हणून इतकी तासली गेली,
की दिव्यापुढे धरली
तर पलीकडून ज्योत दिसते.