भरतीचं रजिस्टर

पहिल्या रजिस्टराला पुठ्ठा नाही,
शिडाचं जुनं कापड दाभणाने शिवलंय,
आणि अक्षर पास्कोल कंपाउंडरचं,
डावीकडे कललेलं, वाऱ्यातल्या सुरूसारखं.

रकाना तिसरा : भरती.
खाली नुसत्या वेळा. पहाटे चार. दुसऱ्या दिवशी पावणेपाच.
ऑडिटला आलेला माणूस बोट ठेवून म्हणाला,
ही भरती पेशंटची की समुद्राची?
मी म्हटलं, साहेब, तेव्हा पूल नव्हता.
खाडी भरली की होडी लागायची,
होडी लागली की माणूस.
त्याने लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून आहे.

नांदखोलचा दवाखाना म्हणजे आधी मिठाची वखार.
भिंती रंग धरत नाहीत,
दर दोन वर्षांनी चुना, दर दोन वर्षांनी पोपडे.
रापण ओढली की वाळूवर वाटे पडायचे :
होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्या हातांचे,
आणि जरा बाजूला काढलेला
दवाखान्याचा.
कधी पाटीभर बांगडे, कधी चार खेकडे आणि शेवाळ.
खेकड्यांच्या साली आयोडीन पाणी घालून पुरवलं,
हेही लिहिलंय पास्कोलने. लपवलेलं नाही.

आमिनाबी सोलकर, पाकटाचा काटा, उजवी पोटरी.
भिकू घाडी, फुरसं, करंगळी.
लस ठेवायला फ्रीज नव्हता,
ती बर्फाच्या कारखान्यात, सुरमयांच्या शेजारी.
मध्यरात्री कंदील घेऊन पास्कोल बर्फ फोडायचा.
बाटलीला मासळीचा वास यायचा म्हणे.
माणसं वाचली. सगळी नाही.
जी राहिली नाहीत त्यांच्या नावापुढे
त्याने एकच शब्द लिहिलाय : ओहोटी.

डॉक्टर किती झाले ते मी मोजले. एकतीस.
एक तर पलीकडच्या काठावरून खाडी बघूनच परतला.
त्याचंही नाव आहे.

आता पूल आहे, एकशेआठ येते,
पुलावरून थेट कोल्हापूरलाही जाते
इथे न थांबता.
आंब्याच्या बागेतला राखणदार दिलबहादूर
कलमावरून पडला, मनगट मोडलं,
नातेवाईक : रकाना कोरा.
आणि जिथे मिठाची पोती रचायचे
तिथे डायलिसिसची दोन मशीनं.
मंगळवारी, शुक्रवारी
मीठ बंद केलेली माणसं
मिठाच्या वखारीत चार-चार तास पडून असतात,
पेजेबरोबर काय खाल्लं ते सिस्टरला खोटं सांगतात.

वरून हुकूम आलाय, जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवा.
पान एकेचाळीसपर्यंत आले.
तुळसा, वय एकोणीस, गाव लिहिलेलं नाही,
भरती पहाटे तीन, मुलगी, वजन चार रत्तल.
ते चार रत्तल म्हणजे मी.
डिस्चार्जचा रकाना रिकामा.
मशीन म्हणतं तारीख घाला,
त्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही.

आई व्हरांड्यात बसली होती,
कामावरून सुटून वीस वर्षं झाली तरी
दुपारी येते, गॉजच्या घड्या घालते,
सिस्टर तिच्या पाठीमागे त्या परत घालतात.
विचारलं, आये, तुका डिस्चार्ज कधी मिळालो?
घडीवरची नजर न काढता म्हणाली,
मी खंय गेलंय?

मशीन त्या रकान्यापाशी थांबलंय.
मी चहा सांगितलाय, दोन.