जॉब नंबर चारशे सतरा

उद्यमनगरात सातला पहिली लेथ खोकते,
मग गल्ली जागी होते.
तीस वर्षं माझ्या मिलिंगवर
पंपाची झाकणं, गुऱ्हाळाच्या चरकाचे दात,
क्वचित कुणाच्या बुलेटचा मोडका कान.

ती आली हेल्मेटसकट आत.
मैथिली मगदूम, शेवटचं वर्ष.
मागं दोन पोरं, एकाच्या हातात
अॅल्युमिनियमचा ठोकळा, पेपरात गुंडाळलेला,
रविवारचं मटण आणल्यागत.
"काका, डबा करायचाय. दहा सेंटिमीटर, सगळीकडून."
"मसाल्याचा?"
"आभाळात जाणारा."
मी तीन चहा सांगितले,
हसू गिळायला तेवढा वेळ मिळाला.

ड्रॉइंग बघितलं आणि हसू गेलं.
कोपऱ्याला केसाएवढी चूक चालेल,
पण केस बाळाचा पाहिजे.
पहिल्या डब्याला ऐन कटात लाईट गेली,
एक कड आत बसली. रद्द.
दुसरा रात्री केला, गल्ली झोपल्यावर.

तिथं म्हणे ग्रॅमाला भाडं पडतं.
मग डबा गुजरीत नेला, सोनाराच्या काट्यावर.
वसंतराव पोतदार चष्म्यावरून बघत म्हणाले,
"घडणावळ किती लावलीस रे, नदाफ?"

अँटेना लक्ष्मीपुरीतली.
सुताराची पोलादी टेप, ऐंशी रुपयांची,
कात्रीनं कापली.
सात, आठ, नऊ, असे छापील आकडे
तसेच वर गेले.

वर गेला, आणि चार दिवस गप.
पोरं जेवेनात.
पाचव्या संध्याकाळी रंकाळ्याजवळच्या गच्चीवर
मलाही नेलं, का ते माहीत नाही.
जोतिबाच्या अंगानं चढणार, कागलकडं उतरणार,
मधली नऊ मिनिटं आपली.
आधी नुसती खरखर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यागत.
मग त्यातून एक बारीक टीप.
थांबून, परत एक.
पोरं नाचली. मैथिली वहीत आकडे घेत राहिली,
डोळे पुसायला हात रिकामा नव्हता.
वरच्या हवेत विजेचे कण किती, ते तो मोजत होता म्हणे.
मी वर बघितलं.
काही दिसलं नाही. खोटं कशाला बोलू?
शिरोलीकडं भट्टीचा उजेड होता तेवढा.

चौदा महिने टिकला.
मग कुठल्याशा समुद्रावर जळून गेला,
राखही खाली आली नाही.

रद्द झालेला डबा माझ्या टेबलावर असतो.
पंखा लावला तरी बिलं उडत नाहीत.
कुणी उचलून बघितलंच, तर सांगतो,
"ह्याचा भाऊ बाहेर होता."

बिल साडेचार हजार, पैकी साडेसहाशे बाकी.
वहीत शेरा मारलाय: गिऱ्हाईक गावाबाहेर.

परवा नवी पोरं आली, नवं ड्रॉइंग घेऊन.
यंदा डबा दुप्पट उंच.
मी चष्मा लावला, कागद उजेडात धरला
आणि आधी साडेसहाशेचं विचारलं.