दोन बोटं

समितीची पाचवी बैठक. टेबलावर दोन नमुने
आणि कुणीच न उचललेली बिस्किटं.
इतिवृत्त लिहायला मी.

पहिला : स्टीलची ज्योत. ज्ञानाची, अर्थात.
दुसरा : उघडं पुस्तक, पानांतून उडणारे पक्षी.
कुलसचिवांना पक्षी आवडले.

तिसरा नमुना रायेन कुरिकेओनं खिशातून काढला.
बीओबीओच्या पात्रातला गोटा, दोऱ्याला बांधलेला.
"असाच, अकरा टनांचा. भूकंपशास्त्राच्या दारात टांगायचा,
जमिनीपासून दोन बोटं वर."

यावर कोरणार काय?
"काही नाही. नदीनं कोरलाय."
विम्याच्या माणसानं विचारलं, पडला तर?
ती म्हणाली,
"तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघत नसाल."

कोन्सेप्सिओनमध्ये अशा वाक्याला कुणी हसत नाही.
इथं घरोघरी फडताळाला कडी असते,
आणि ज्याला त्याला पक्कं आठवतं
तेव्हा आपण कुठल्या खोलीत होतो.
मी लिहिलं : चर्चा झाली.

ठराव चार विरुद्ध तीन. रक्कम दोन हप्त्यांत.

आता तो टांगलाय.
पोरं परीक्षेआधी खाली चिठ्ठ्या सरकवतात,
झाडूवाली रोज शिव्या घालत काढते.
रात्रपाळीचा एलेउतेरिओ दार लावण्याआधी
वाकून फटीत दोन बोटं घालतो,
झोपलेल्या मुलाच्या नाकाशी धरावीत तशी.

काल म्हणाला, एकच जातंय.
मग दिव्याखाली हात धरून पाहिला त्यानं,
जूनच्या थंडीनं बोटं सुजलेली.

तरी मी नोंद केली.
तारीख घालून.